लोणारचे वय आणि पुस्तकांचे वय

प्रश्न थोडक्यात असा आहे : तालुक्याच्या गावातील एका माध्यमिक शाळेत ग्रंथालय सांभाळणाऱ्या शिक्षिकेला यंदा निर्लेखनाची, म्हणजे ग्रंथालयातून काढून टाकायच्या पुस्तकांची, यादी करायची आहे. कपाटांत १९६०च्या दशकापासून २०१०च्या आसपासपर्यंतची सुमारे दोनशे मराठी विज्ञानपुस्तके आहेत. ‘अमुक वर्षापूर्वीचे विज्ञानाचे पुस्तक बाद समजावे’ असा काही नियम आहे का, आणि नसल्यास विज्ञानाची पदवी नसलेल्या माणसाने पुस्तक जुने झाले हे कसे ओळखावे, असे त्यांनी विचारले आहे; जुन्या परिभाषेच्या पुस्तकांचे काय करावे, हाही त्यांचा प्रश्न आहे. मी गेली अठ्ठावीस वर्षे मराठीत लोकविज्ञानाची पुस्तके संपादित करतो आहे, काहींचा अनुवादही केला आहे, आणि त्यांतली बरीच पुस्तके माझ्या डोळ्यांदेखत म्हातारी झाली आहेत. पुढचे उत्तर त्या अनुभवातून आलेले आहे.

वर्षाचा नियम करता येत नाही. मायकेल फॅरेडे यांनी १८६०-६१च्या नाताळात लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये मुलांसमोर मेणबत्तीवर सहा व्याख्याने दिली आणि १८६१मध्ये त्यांचे पुस्तक निघाले. इलेक्ट्रॉनचा शोध लागायला तेव्हा ३६ वर्षे अवकाश होता, त्यामुळे ज्वलनाच्या वेळी अणूंमध्ये नेमके काय घडते हे त्या पुस्तकात असण्याचा प्रश्नच नव्हता. पण फॅरेडे काचेची वाकवलेली नळी ज्योतीच्या मधल्या काळसर भागात धरतात, मेणाची वाफ नळीतून बाहेर काढतात आणि दुसऱ्या टोकाशी ती पेटवून दाखवतात. मेणबत्ती विझवल्याबरोबर वर चढणाऱ्या धुराला दोन-तीन इंचांवरून पेटती काडी लावली, तर ज्योत धुरावरून खाली उतरून वातीला पकडते, हेही ते करून दाखवतात. हा दुसरा प्रयोग मी नववीच्या वर्गात अनेकदा केला आहे. डोक्यावरचा पंखा आधी बंद करावा, एवढीच त्यात भर घालावीशी वाटते. दीडशेहून अधिक वर्षे उलटूनही त्या पुस्तकातले फारसे काही बिघडलेले नाही, कारण त्यात जे सांगितले आहे ते पाहून सांगितले आहे आणि कसे पाहिले तेही सांगितले आहे.

आता दुसरे टोक पाहा. डॅनियल कानेमान यांचे मानवी विचारप्रक्रियेवरचे ‘थिंकिंग, फास्ट अँड स्लो’ हे पुस्तक २०११मध्ये आले. लेखक नोबेल पारितोषिकाचे मानकरी आणि लेखन अत्यंत जबाबदारीचे. तरीही त्यातील एक प्रकरण ज्या प्रयोगांवर उभे होते, ते प्रयोग पुढे डळमळीत ठरले. नकळत नजरेखालून गेलेल्या शब्दांनी माणसाचे वागणे बदलते, असा त्यांचा आशय होता. म्हातारपणाशी निगडित शब्द वाचलेले विद्यार्थी नंतर चालताना हळू चालले, हा त्यांतला सर्वांत प्रसिद्ध प्रयोग. इतरांनी तो पुन्हा करून पाहिला तेव्हा तसे आढळले नाही. २०१५मध्ये मानसशास्त्रातील शंभर प्रयोग पुन्हा करून पाहण्याच्या एका मोठ्या उपक्रमात जेमतेम एक-तृतीयांशाहून थोड्या अधिक प्रयोगांचे निष्कर्ष पुन्हा मिळाले. थोड्या माणसांवर केलेल्या प्रयोगांवर आपण गरजेपेक्षा जास्त विश्वास टाकला, असे कानेमान यांनी २०१७मध्ये जाहीरपणे मान्य केले. पुस्तक बाजारात येऊन तेव्हा सहा वर्षेही झाली नव्हती. त्यांची कबुली इंग्रजी वाचणाऱ्यांपर्यंत पोहोचली. मराठीतील व्यक्तिमत्त्वविकासाच्या पुस्तकांत मात्र तसले प्रयोग आजही ‘शास्त्रज्ञांनी सिद्ध केले आहे’ या शिक्क्यानिशी सुखाने नांदत आहेत. तुमच्या कपाटातही त्यांपैकी एखादे असेलच.

थोडक्यात, छपाईचे साल पाहून काही ठरत नाही. मग काय पाहावे, यासाठी आपल्याजवळचे एक उदाहरण घेतो.

बुलढाणा जिल्ह्यातील लोणारच्या विवरावर मराठीत पुष्कळ लिहिले गेले आहे. बेसाल्ट खडकातले हे सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचे विवर ज्वालामुखीचे असावे असे पूर्वी बरेच जण मानत असत, आणि दख्खनच्या पठारावर, जिथे पायाखालचा प्रत्येक दगड लाव्हाचा आहे, तिथे तसे वाटणे अगदी स्वाभाविक होते. १९७०च्या दशकात तळ्याखालून खोदून काढलेल्या खडकांच्या नमुन्यांत प्रचंड धक्क्याने काचेत रूपांतर झालेले फेल्डस्पार हे खनिज सापडले. असा धक्का ज्वालामुखीतून मिळत नाही. अशनीचा आघात हेच त्याचे स्पष्टीकरण उरते. म्हणजे त्या दशकाआधीच्या पुस्तकातला लोणारविषयीचा ‘मृत ज्वालामुखी’ हा उल्लेख बाद झाला. पण पुढची गोष्ट अधिक बोलकी आहे. हे विवर सुमारे ५२ हजार वर्षांपूर्वीचे, असे आपण सगळ्यांनी शाळेत आणि सहलीत ऐकले आहे. तो आकडा उष्णतादीप्तीच्या पद्धतीने आला होता : खनिज शेवटचे तापले त्यानंतर त्याच्या स्फटिकात किती इलेक्ट्रॉन अडकून पडले, हे त्यात मोजतात. पुढे आघाताने वितळलेल्या खडकांतील आरगॉन वायूचे प्रमाण मोजून वय काढले गेले, तेव्हा ते पाच लाख वर्षांहून अधिक भरले.

माझ्यासमोर लोणारवरच्या दोन जुन्या पुस्तिका आहेत. पहिलीत एकच वाक्य आहे : ‘हे विवर ५२ हजार वर्षांपूर्वी निर्माण झाले.’ दुसरीत लेखकाने अर्धे पान खर्चून खडकाचे वय कसे मोजतात ते सांगितले आहे, या पद्धतीने अमुक आकडा मिळाला असे म्हटले आहे, आणि पुढे अन्य पद्धतींनी तपासणी होणे बाकी आहे अशी पुस्ती जोडली आहे. आकडा दोन्हींत तोच आहे आणि आज दोन्हींत तो सारखाच संशयास्पद आहे. पण पहिल्या पुस्तिकेच्या हाती चुकलेल्या आकड्याखेरीज काही उरले नाही; दुसरीतले अर्धे पान अजून शिकवण्याजोगे आहे, आणि आरगॉनची बातमी कळलेल्या मुलाला हा फरक का पडला असेल याचा विचार करण्याची सोय त्याच पानात आहे. पुस्तकाचे वय मी असे मोजतो. लेखकाने सांगितलेली गोष्ट चुकीची ठरल्यावर वाचकाच्या हाती काय शिल्लक राहते, ते पाहायचे.

विश्वाच्या वयाबाबत हेच मोठ्या प्रमाणावर घडले. १९४०च्या दशकातल्या मोजमापांनुसार विश्वाचे वय सुमारे २०० कोटी वर्षे येत होते, आणि त्याच वेळी किरणोत्सर्गी खनिजांवरून पृथ्वी त्याहून जुनी असल्याचे दिसत होते; म्हणजे आईपेक्षा लेक मोठी. ही अडचण झाकून नुसता आकडा देणारी पुस्तके तेव्हा होती, तशीच ती उघडपणे वाचकापुढे ठेवणारीही होती. १९५२मध्ये वॉल्टर बाडे यांनी दाखवून दिले की अंतरे मोजण्यासाठी वापरले जाणारे सेफीड रूपविकारी तारे (ज्यांचे तेज ठराविक काळाने कमी-जास्त होते) दोन प्रकारचे आहेत आणि त्यांची गल्लत झाली होती. देवयानी दीर्घिका त्यामुळे एका झटक्यात दुप्पट दूर गेली, आणि विश्वाचे वय दीर्घिकांच्या अंतरांवरूनच काढले जात असल्याने विश्वही तितकेच वयस्कर झाले. १९८०च्या दशकातील पुस्तकांत १,००० ते २,००० कोटी वर्षे असा ऐसपैस अंदाज सापडतो, तर आजचा आकडा १,३८० कोटींच्या जवळ आहे. या शेवटच्या बदलासाठी कुठलेच पुस्तक काढून टाकू नका, कारण आजचे उत्तर जुन्या अंदाजाच्या आतच पडते. सह्याद्रीचा लाव्हा किंवा डायनोसॉरचा अंत साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा असे जुने पुस्तक म्हणत असेल आणि नवे ६ कोटी ६० लाख म्हणत असेल, तर तेही तसेच सोडून द्या. पण डायनोसॉर का संपले यावर १९८०पूर्वीचे पुस्तक बोलत असेल, तर त्यात अशनीचा पत्ताच नसणार. मेक्सिकोतल्या आघातविवराची ओळख तर १९९१च्या सुमारास पटली. तिथे आकडा सुधारलेला नसून सगळी कथाच वेगळी झाली आहे.

हा फरक मला स्वतःला उशिरा कळला. २४ ऑगस्ट २००६ रोजी प्राग येथील आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्रीय संघाच्या बैठकीत प्लूटोला ग्रहांच्या यादीतून वगळले गेले. त्यानंतर काही महिन्यांनी एका प्रकाशकाने मुलांसाठीचे सूर्यमालेवरचे १९८०च्या दशकातले पुस्तक माझ्याकडे पाठवले. ‘नऊचे आठ करून द्या, पुढच्या आठवड्यात छपाईला जायचे आहे,’ एवढीच सूचना होती. मी एका दुपारीत ते काम उरकले. प्लूटोचे प्रकरण काढले, प्रस्तावनेतला आकडा बदलला, अनुक्रमणिका नीट केली. पुस्तक छापून आल्यावर एका सहावीतल्या मुलाचे पोस्टकार्ड आले : पान बारावर ग्रह आठ आहेत, चित्रात नऊ आहेत आणि शेवटच्या स्वाध्यायात ‘सर्वांत लहान ग्रह कोणता?’ या प्रश्नाचे उत्तर प्लूटो असे दिले आहे, तर परीक्षेत काय लिहू?

ती चूक लाजिरवाणी होती, पण दुरुस्त होण्याजोगी होती. खरी चूक मला दोन-तीन वर्षांनी ते पुस्तक पुन्हा हातात आल्यावर दिसली. मी काढलेल्या प्रकरणात क्लाइड टॉमबॉ या तेवीस-चोवीस वर्षांच्या तरुणाने काही दिवसांच्या अंतराने घेतलेली आकाशाच्या एकाच तुकड्याची दोन छायाचित्रे आळीपाळीने पाहत, असंख्य स्थिर ठिपक्यांतून जागा बदललेला एक ठिपका १९३० साली कसा हुडकला, याची हकिगत होती. त्या पुस्तकात कधीही शिळे न होणारे काही असेल तर ते तेवढेच होते, आणि मी नेमके तेच कापले. शनीला १७ उपग्रह आहेत हे वाक्य मात्र मी तसेच ठेवले. त्या वर्षी तो आकडा साठाच्या घरात पोहोचला होता आणि २०२५च्या मार्चमध्ये तो २७४ झाला. जुन्या पुस्तकाला आकड्यांची ठिगळे लावून ते नवे होत नाही हे मी तेव्हापासून प्रत्येक प्रकाशकाला सांगत आलो आहे. त्यांतले काही ऐकतात.

यातून तुमच्या कामाची एक गोष्ट निघते. पुस्तकाचे खरे साल शोधणे मराठीत जरा अवघड असते, कारण आपल्याकडे पुनर्मुद्रणालाही सर्रास ‘आवृत्ती’ म्हणतात. ‘पहिली आवृत्ती १९७८, सहावी आवृत्ती २००९’ असे छापलेले दिसले, तर २००९वर विश्वास ठेवू नका. मनोगत पाहा; नव्या आवृत्तीच्या निमित्ताने काय बदलले हे लेखकाने लिहिले असेल तरच ती आवृत्ती. नसेल तर मजकूर १९७८चाच आहे असे धरून चाला. अनुवादित पुस्तकात मूळ पुस्तकाचे साल शोधा, कारण २००५मध्ये मराठीत आलेले पुस्तक मुळात १९८५चे असू शकते आणि अनुवादकाने, माझ्यासारख्यानेच, ‘अलीकडेच’ हा शब्द प्रामाणिकपणे तसाच ठेवलेला असतो. ‘अलीकडेच’, ‘नुकतेच’, ‘येत्या दहा वर्षांत’ हे शब्द विज्ञानपुस्तकातले सर्वांत नाशवंत शब्द होत. हस्तलिखित हातात आले की मी पहिल्या फेरीत त्यांनाच लाल पेन्सिलने गाठतो आणि त्या जागी वर्ष घालायला लावतो. वर्ष घातलेले वाक्य इतिहास म्हणून तरी टिकते.

दुसरी खूण म्हणजे लेखकाने खात्रीचे माप दिले आहे की नाही. स्टीफन हॉकिंग यांनी आकाशातील सिग्नस एक्स-१ हा क्ष-किरणांचा स्रोत कृष्णविवर आहे की नाही यावर १९७०च्या दशकाच्या मध्यात भौतिकशास्त्रज्ञ किप थॉर्न यांच्याशी पैज लावली होती; हॉकिंग ‘नाही’च्या बाजूने होते. १९८८च्या ‘अ ब्रीफ हिस्टरी ऑफ टाइम’मध्ये ते लिहितात की पैज लावली तेव्हा ते कृष्णविवर असल्याची ८० टक्के खात्री होती, आता ती ९५ टक्के आहे, पण पैजेचा निकाल अजून लागलेला नाही. १९९०मध्ये हॉकिंग यांनी हार मान्य केली. त्या पानावरचे वाक्य कालबाह्य झाले, पण खोटे ठरले नाही. त्याच पुस्तकाच्या वेळी गुरुत्वलहरी, म्हणजे अवकाशातच उठणारे सूक्ष्म तरंग, थेट टिपल्या गेल्या नव्हत्या. त्या १४ सप्टेंबर २०१५ला टिपल्या गेल्या आणि आता आपल्या हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ त्यांच्यासाठीच वेधशाळा होऊ घातली आहे. जुन्या पुस्तकात हे नाही म्हणून ते बाद होत नाही. पुस्तक अपुरे असणे आणि चुकीचे असणे यांत गल्लत करू नये.

लेखक स्वतः वादाचा एक पक्ष असेल तर काय करायचे, हा प्रश्न मराठीत जयंत नारळीकर यांच्यामुळे विशेष महत्त्वाचा आहे. खगोलशास्त्रज्ञ फ्रेड हॉयल यांच्याबरोबर त्यांनी विश्वाच्या स्थिर स्थितीच्या, म्हणजे विश्वाला आरंभच नाही असे मानणाऱ्या, सिद्धांतावर काम केले. १९६५मध्ये सर्व दिशांनी येणारे सूक्ष्मलहरींचे प्रारण सापडल्यावर बहुतेक खगोलशास्त्रज्ञ महास्फोटाकडे वळले, तरी नारळीकरांनी महास्फोटाच्या सिद्धांतावरील आक्षेप मांडणे सोडले नाही. १९९३मध्ये हॉयल आणि जेफ्री बर्बिज यांच्यासह त्यांनी सुधारित सिद्धांतही पुढे ठेवला. आपले मत बहुमताच्या विरुद्ध आहे हे ते वाचकापासून लपवत नसत. त्यामुळे त्यांची पुस्तके ठेवावीत की नाही हा प्रश्न मला पडत नाही, मात्र विश्वोत्पत्तीच्या भागाजवळ ‘बहुसंख्य शास्त्रज्ञांचे मत वेगळे आहे’ एवढी टीप असावी. मला त्याहून जास्त भीती अशा लेखकांची वाटते ज्यांचे स्वतःचे कुठलेच मत नसते आणि जे दुसऱ्या पुस्तकातून उचललेले सगळे सारख्याच ठाम आवाजात सांगतात.

अशा उचलाउचलीतून आणखी एक वर्ग तयार होतो. ही पुस्तके जुनी झालेली नसतात, ती मुळातच चुकीची असतात. जिभेच्या टोकाला गोड, कडांना आंबट आणि मागे कडू चव कळते, असा नकाशा तुम्ही पाहिला असेल. चिमूटभर साखर जिभेच्या मागच्या भागावर ठेवली तरी तो मोडतो, आणि तरी दशकानुदशके तो छापला गेला. माणूस मेंदूचा फक्त दहा टक्के भाग वापरतो, चीनची भिंत चंद्रावरून दिसते, ही याच जातीची विधाने. त्यांना ज्ञानाच्या प्रगतीने मागे टाकले असे म्हणणे म्हणजे त्यांचा उगाच सन्मान करणे होय. याउलट माणसाच्या पेशीत ४८ गुणसूत्रे असतात हे १९५६पूर्वीच्या पुस्तकातले विधान ही प्रामाणिक चूक आहे. १९२३पासून तोच आकडा मान्य होता, आणि पेशी सूक्ष्मदर्शकाखाली नीट पसरवून मोजण्याचे तंत्र सुधारल्यावर तो ४६ झाला. मला तर ही चूक मुलांना आवर्जून दाखवावीशी वाटते, कारण मोजण्यासारखी साधी गोष्टही तीस वर्षे चुकू शकते हे त्यांना दुसरीकडे कळणार नाही.

परिभाषेबद्दलही विचारले होते. प्राणवायू सगळ्यांना कळतो, पण उद्जन (हायड्रोजन) आणि नत्रवायू (नायट्रोजन) आजच्या मुलाला अडतात. त्यासाठी पुस्तक काढण्याची गरज नाही. आतल्या पुठ्ठ्यावर दहा-बारा शब्दांची जोडयादी चिकटवली की भागते.

आता यादीकडे. सुरुवात आरोग्य आणि आहाराच्या पुस्तकांपासून करा, आणि तिथे मात्र हात आखडता घेऊ नका. पोटातील व्रण चिंतेने आणि तिखट खाण्याने होतात, दूध पीत राहावे आणि मन शांत ठेवावे, असे सांगणारी पुस्तके अजून शाळांत आहेत. १९८२मध्ये बॅरी मार्शल आणि रॉबिन वॉरन यांनी अशा रुग्णांच्या जठरात एक जिवाणू दाखवला, २००५मध्ये त्यांना नोबेल मिळाले, आणि त्या जिवाणूमुळे झालेला व्रण आज प्रतिजैविकांनी बरा होतो. जुने खगोलशास्त्राचे पुस्तक वाचून कुणाचे काही बिघडत नाही; जुने वैद्यकाचे पुस्तक वाचून एखाद्या घरात उपचार लांबू शकतो. ती पुस्तके निर्लेखित करा आणि रद्दीत देतानाही आतली पाने फाडून द्या, नाहीतर ती कुठल्या तरी प्रदर्शनात पुन्हा विकत मिळतील. त्यानंतर मानसशास्त्र आणि ‘मेंदूची शक्ती’ छापाची पुस्तके पाहा. तिथे ‘सिद्ध झाले आहे’ ही अक्षरे दिसली आणि कुणी, कुठे, किती माणसांवर, याचा उल्लेख नसेल, तर ते पुस्तक ठेवण्यासारखे कारण मला सुचत नाही.

खगोल, भूगर्भ, प्राणी, वनस्पती, प्रयोग आणि शास्त्रज्ञांची चरित्रे यांना घाईने हात लावू नका. या पुस्तकांना पोस्टकार्डाच्या आकाराची एक चिठ्ठी लावावी, असे मी सुचवेन. तिच्यावर तीन ओळी पुरतात : मजकूर खरोखर कोणत्या वर्षीचा, त्यानंतर काय बदलले, आणि ते कोणत्या पानाशी संबंधित आहे. चिठ्ठी शिक्षकांनी सगळ्यांसाठी लिहिण्याऐवजी आठवी-नववीतल्या मुलांकडून लिहून घ्या, आणि तिच्यावर लिहिणाऱ्याचे नाव व तारीख घाला. सुरुवातीला त्यांना लोणारची पुस्तिका द्या. पहिला मुलगा बहुधा ५२ हजारांवर काट मारून पाच लाख लिहील. त्याला काट मारू देऊ नका. दोन्ही आकडे, दोन्ही पद्धतींसह, एकाखाली एक लिहायला लावा, आणि खाली दोन ओळी कोऱ्या सोडा.